बायोडायनॅमिक वाइन द्राक्षबाग: ५०० आणि ५०१ वेळेवर देऊनही घडांवर भुरी, वेलीला जोम कमी. नेमकं कुठे अडतंय?

वेलवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

दोन हेक्टरची वाइन द्राक्षाची बाग आहे, सगळा माल स्वतःच्याच छोट्या वाइनरीत जातो. बायोडायनॅमिक (शिंगखतासारखी खास प्रिपरेशन्स आणि चांद्र कॅलेंडर वापरणारी सेंद्रिय शेती) रूपांतराचं हे तिसरं वर्ष. दोन ओळींत २.५ मीटर, दोन वेलींत १.२ मीटर, तारांवर उभं वळण, ठिबक आहे. निम्म्या क्षेत्रात पांढऱ्या जाती, निम्म्यात लाल.

सध्याचा कार्यक्रम असा:

५०० म्हणजे शिंगखत (गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरून केलेलं) वर्षातून दोनदा, हेक्टरी १०० ग्रॅम. ५०१ म्हणजे शिंग-सिलिका (शिंगात भरून पुरलेलं गारगोटीचं पीठ) हंगामात तीनदा, हेक्टरी ४ ग्रॅम. हॉर्सटेल या सिलिकायुक्त वनस्पतीचा काढा दोनदा. गंधक फुलोऱ्याआधी एकदा आणि मणी धरल्यावर एकदा, एवढंच. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) पावसाळी हवा असेल तेव्हा. कंपोस्ट हेक्टरी साधारण ४ टन. ओळींमध्ये कायमचं गवत, वेलीखालीही ते पसरलंय.

अडचणी:

१. घडांवर भुरी (पांढरी बुरशी), पांढऱ्या जातींत जास्त. मणी तडकतात.
२. फुटी मीटरभरसुद्धा वाढत नाहीत, खालची पानं फिकट. रसातला यीस्टला मिळणारा नत्र ९५ मिलिग्रॅम प्रति लिटर आला आणि फर्मेंटेशन रेंगाळलं.
३. काढलेल्या शिंगांपैकी काहींत खत हिरवट आणि वासाचं निघालं. तेही मिसळून वापरावं का?
४. चांद्र कॅलेंडर काटेकोर पाळायचं तर फवारण्या मागे पडतात. कशाला किती महत्त्व द्यायचं?

प्रिपरेशन्स देण्यात चूक आहे की मुळात कार्यक्रमच अपुरा आहे, हे समजून घ्यायचंय.

---

शेणमाती

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. हिरवट, वासाचं खत वापरू नका, चांगल्यात मिसळू तर अजिबात नका. ते कंपोस्टच्या ढिगात टाका. तयार शिंगखत गडद तपकिरी ते काळसर असतं, चिमटीत दाबलं तर लोण्यासारखं मऊ पसरतं, आणि वास जंगलातल्या ओल्या मातीचा. शेणाचा वास राहिला असेल तर आतली प्रक्रिया हवेअभावी अडली, असं धरा.

अडण्याची कारणं बहुतेक वेळा हीच असतात:

शेण पातळ होतं. कोवळ्या हिरव्या चाऱ्यावरच्या जनावराचं शेण शिंगात घट्ट बसत नाही, आत पाणी साठतं. भरण्याआधी काही दिवस दुभत्या गाईला वाळला चारा जास्त द्यावा, म्हणजे शेण आकार धरतं. शेणात गोठ्यातला पेंढा नको.

खड्ड्यात पाणी तुंबलं. चिकण मातीत हे हमखास होतं. खड्डा उंचवट्यावर घ्या, खोली ४० ते ६० सेंटिमीटर पुरे. शिंगाचं तोंड खाली आणि टोक वर ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. शिंगांभोवतीची माती जड असेल तर तिच्यात मुरलेलं कंपोस्ट मिसळून मगच भरा. झाडांच्या मुळांजवळ खड्डा नको, मुळं थेट शिंगात शिरतात.

शिंगं चुकीची होती. गाईचं शिंग जड, बुडाशी वेतांच्या कड्या असलेलं आणि टोकाकडे भरीव असतं. बैलाचं शिंग रुंद, पातळ भिंतीचं, कड्या नसलेलं. विकत घेताना दोन्ही एकत्र येतात, म्हणून एकेक हातात घेऊन निवडा. एक शिंग तीन-चार वर्षं चालतं. भिंत सच्छिद्र आणि पातळ वाटू लागली की बाद करा.

शरद संपातापासून वसंत संपातापर्यंत (दिवस-रात्र समान असलेल्या या दोन दिवसांमध्ये) भरलेलं शिंग जमिनीत असतं. पण तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधी एक शिंग उकरून, ठोकून बघा. खत आपोआप सुटून आलं आणि आत हिरवा गाभा नसला तर सगळी काढा, नाहीतर आणखी दोन-तीन आठवडे राहू द्या.

साठवणीत अर्धा माल वाया जातो, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मातीचं चकचकीत मडकं किंवा काचेची बरणी, झाकण सैल, सगळ्या बाजूंनी ८ ते १० सेंटिमीटर पीट किंवा नारळाचा भुसा, जागा थंड आणि अंधारी, वीजतारांपासून आणि डिझेलच्या वासापासून लांब. महिन्यातून एकदा उघडून ओल बघा. कोरडं पडून खडे झालेलं ५०० पुन्हा ओलं करून पूर्वीसारखं होत नाही. ५०१ मात्र उलट: काचेच्या बरणीत, कोरडं, सूर्यप्रकाशात.

आता ढवळणं. तुमच्या दोन हेक्टरला २०० ग्रॅम खत आणि ७० लिटर पाणी. पिंप लाकडाचं, मातीचं किंवा तांब्याचं असेल तर उत्तम. ते जास्तीत जास्त तीन-चतुर्थांश भरा, नाहीतर भोवरा तळापर्यंत पोचत नाही. पाणी पावसाचं किंवा विहिरीचं, कोमट, साधारण ३५ अंश. नळाचं क्लोरिनचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं तर क्लोरिन उडतं, पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरत असतील तर ते असं जात नाही. एका दिशेने भोवरा तळ दिसेपर्यंत, मग एकदम उलट दिशा, पाणी खळबळतं, नवा भोवरा. पूर्ण एक तास. ढवळून झाल्यावर तीन तासांच्या आत फवारणी संपली पाहिजे, म्हणून माणसं आणि पंप आधी तयार ठेवा, मग ढवळायला बसा.

फवारताना एक साधा हिशेब करून बघा. २.५ मीटर अंतर म्हणजे हेक्टरी ४ किलोमीटर ओळ. ३५ लिटर त्यावर वाटले की मीटरला ९ मिलिलिटरही येत नाहीत. त्यामुळे जमीन भिजवायची नाही, मोठे थेंब विखरून टाकायचेत. मोठ्या छिद्राचं नोझल, कमी दाब, द्रावण आधी कापडातून गाळलेलं. पंप वेगळा ठेवा. ज्या पंपातून बोर्डो जातं त्यातून ५०० द्यायचं म्हणजे जिवंत खतावर तांबं ओतणं. वेळ संध्याकाळची, माती ओलसर आणि १० अंशांच्या वर. कोरड्या, भेगाळलेल्या मातीवर दिलेलं ५०० वाया जातं.

---

पानसावली

भुरीचं बोलू. तुमच्या कार्यक्रमात सगळ्यात मोठं भोक इथे आहे: गंधकाच्या फक्त दोन फवारण्या. ५०१ आणि हॉर्सटेल मिळून गंधकाची जागा घेत नाहीत, आणि चांगले बायोडायनॅमिक बागायतदार तसं समजतही नाहीत. डेमेटर या बायोडायनॅमिक प्रमाणन संस्थेच्या नियमांत गंधक आणि मर्यादित तांबं चालतं, ते याचसाठी.

भुरीची बुरशी पाण्याच्या थेंबाशिवाय रुजते, म्हणून 'पाऊस नाही, धोका नाही' हा हिशेब तिला लागू पडत नाही. २० ते २७ अंश हवा तिला सगळ्यात मानवते, ३५ च्या वर ती मंदावते. सावलीतल्या, दाट पानोळ्यात उन्हाळ्यातही तिचं तापमान तिला मिळतं. मणी सगळ्यात नाजूक असतात ते फुलोऱ्याच्या थोडं आधीपासून मणी धरल्यावर तीन-चार आठवड्यांपर्यंत. या काळात गंधकाचं कवच तुटलं की नंतर कितीही फवारा, मण्याच्या सालीवर डाग राहतो. डागाची साल ताणत नाही, आतला गर वाढतो, आणि मणी तडकतो. तुमचं तडकणं तिथूनच येतंय.

म्हणून फुटी १० सेंटिमीटरच्या झाल्या की पहिली फवारणी. मागच्या वर्षी भुरी होती म्हणजे सालीत तिची फळपिंडं आणि डोळ्यांत बुरशी बसलेली आहे. फूट निघताना पांढरी, वळलेल्या पानांची एखादी काडी दिसली तर ती पिशवीत घालून बाहेर न्या, ओळीत टाकू नका. ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक ३ ग्रॅम प्रति लिटर, वाढ जोरात असताना ७ ते १० दिवसांनी, मणी धरल्यानंतर १० ते १४ दिवसांनी. नवीन निघालेल्या पानावर जुनं गंधक नसतं, अंतर कमी ठेवायचं कारण हेच. ३२ अंशांच्या वर पानं आणि मणी भाजतात, १५ अंशांच्या खाली गंधक नीट वाफाळत नाही. तेलाची कोणतीही फवारणी असेल तर दोन आठवडे अंतर ठेवा. आणि काढणीच्या चार-पाच आठवडे आधी गंधक बंद, नाहीतर सालीवरचं उरलेलं गंधक फर्मेंटेशनमध्ये सडक्या अंड्याचा वास देतं. लाल वाइन सालीसकट मुरते, तिथे हे आणखी सांभाळा.

डाग दिसलेच तर पोटॅशियम बायकार्बोनेट ५ ग्रॅम प्रति लिटर. ते स्पर्शाने मारतं, पुढचं संरक्षण देत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत गंधक.

पण हे सगळं पोचायला हवं. पाण्याला संवेदनशील पिवळी कागदी पट्टी घडाच्या मागे, पानोळ्याच्या आत क्लिप लावून टांगा आणि पंप फिरवा. जिथे थेंब पडतो तिथे ती निळी होते. आतली पट्टी पिवळीच राहिली तर औषध बदलून उपयोग नाही, फेलफुटी काढायला हव्यात. ओलांड्याच्या (तारेवरच्या आडव्या खोडाच्या) एका मीटरवर १२ ते १५ फुटी, घडाच्या पट्ट्यात पानांचा एक ते दीड थर. मणी धरल्याबरोबर सकाळच्या उन्हाच्या बाजूची घडाजवळची तीन-चार पानं आणि बगलफुटी काढा. दुपारच्या बाजूला हात लावू नका. हे काम उशिरा, मण्यांत पाणी उतरताना (ते मऊ पडून रंग धरताना) केलं तर सावलीत वाढलेले मणी अचानक उन्हात येऊन भाजतात.

५०१ बद्दल. सूर्योदयाला, पानांवर दव असताना, अगदी बारीक धुक्यासारखं, वेलींच्या वर हवेत. प्रमाण बरोबर आहे. पण तुमच्या वेलींच्या फुटी मीटरभरही नाहीत आणि पानं फिकट आहेत. ५०१ चा परंपरेतला उपयोग वाढ आवरून पक्वतेकडे नेण्याचा. आधीच थांबलेल्या वेलीला ते तीनदा देणं त्याच परंपरेच्या तर्काला धरून नाही. या वर्षी एकदाच, पाणी उतरण्याच्या सुमारास, तेही वेल ताणात नसेल तर. फुलोऱ्यात आणि पाण्याच्या ताणात अजिबात नको. ५०० ची पाळी झाल्याशिवाय ५०१ देऊ नये, हा जुना नियमही पाळा.

सिलिकाचं दळण तपासा. गारगोटीचं पीठ दोन काचांमध्ये चोळल्यावर खरखर ऐकू आली तर अजून दळायला हवं. दळताना मास्क लावाच, ही धूळ फुप्फुसात कायमची बसते.

---

वेलवाट

खूप मदत झाली. दोन शंका.

हॉर्सटेल मग पूर्ण सोडू का? आणि बोर्डो मी ०.५ टक्का, हेक्टरी ६०० लिटर देतो, चार फवारण्या होतात. हे जास्त आहे का?

---

पानसावली

बोर्डोचा हिशेब करून बघा. ०.५ टक्का म्हणजे १०० लिटरला अर्धा किलो मोरचूद. ६०० लिटरला ३ किलो. मोरचुदात तांबं २५ टक्के, म्हणजे एका फवारणीत ०.७५ किलो धातूरूप तांबं. चार फवारण्यांत ३ किलो. युरोपियन युनियनच्या सेंद्रिय नियमात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो चालतं, वर्षाला सरासरी ४. डेमेटरची मर्यादा त्याहून कडक, सरासरी ३ किलो. म्हणजे चार फवारण्यांत तुम्ही कडेवर उभे आहात. ओला हंगाम आला तर हात रिकामा.

तांबं मातीत साठतं, गांडुळांना आणि बुरशींना त्रास देतं. ५०० देऊन माती जागवायची आणि वर तांबं साठवायचं, हे एकमेकांना छेद देतं. तेव्हा प्रमाण कमी करा, वेळ अचूक धरा. केवड्याचा (बोर्डो ज्यासाठी देतो त्या, ओल्या हवेतल्या बुरशीचा) पहिला संसर्ग साधारण तेव्हा होतो जेव्हा फुटी १० सेंटिमीटरच्या, तापमान १० अंशांच्या वर आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस, असं तिन्ही जुळतं. त्याआधी बोर्डो वाया. सुरुवातीचा पानोळा छोटा असतो, तेव्हा ०.२ ते ०.३ टक्का आणि २०० ते ३०० लिटर पुरतं. पावसाच्या आदल्या दिवशी द्या. तांबं पानावर आधीपासून असायला हवं, रुजलेल्या बुरशीला ते बाहेर काढत नाही.

चुना ताजा वापरा, हवेत राहिलेला चुना मेलेला असतो. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवून मग चुन्याच्या निवळीत ओता, आणि स्वच्छ घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

हॉर्सटेल सोडू नका, जागेवर ठेवा. १५० ग्रॅम वाळलेला पाला १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर ४५ मिनिटं उकळा. कमी उकळलं तर सिलिका पाण्यात उतरत नाही. गार झाल्यावर दहापट पाणी. गंधकाच्या फवारणीतच मिसळला तरी चालतो. गंधकाच्या जोडीने तो ठीक आहे, एकट्यावर बाग सोपवू नये.

---

मुळाशी

वरच्या दोघांनी मातीचा आणि पानाचा भाग घेतला. जोमाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो निव्वळ नत्राचा आणि पाण्याच्या स्पर्धेचा आहे. ५०० हे खत म्हणून मोजू नका. हेक्टरी १०० ग्रॅम ओल्या शिंगखतातून जाणारा नत्र ग्रॅम-दोन ग्रॅम. त्याचं काम काहीही मानलं तरी वेलीचं पोट त्याने भरत नाही.

तुमचा हिशेब मांडतो. हेक्टरी ७ टन उत्पादन धरलं तर घडांबरोबर साधारण १४ किलो नत्र बागेबाहेर जातो. तुम्ही देता ४ टन कंपोस्ट. त्यात निम्मं पाणी, उरलेल्या २ टनांत दीड टक्का नत्र, म्हणजे ३० किलो. पण मुरलेल्या कंपोस्टमधून पहिल्या वर्षी सुटतो त्यातला १० ते २० टक्के. हातात ३ ते ६ किलो. त्यावर गवत कायमचं, आणि ते फुटीच्या वेळी वेलीच्या आधी नत्र उचलतं. फिकट खालची पानं आणि ९५ चा आकडा यात काही गूढ नाही. १४० ते १५० च्या खाली रस गेला की यीस्ट उपाशी राहतं, आणि रानटी यीस्टवर चालवायचं असेल तर याहून जास्त हवं.

पहिलं काम वेलीखालचं. फुटीपासून मणी धरेपर्यंत वेलीच्या दोन्ही बाजूंना ४०-४० सेंटिमीटर पट्टा मोकळा ठेवा. पास (कोळप्याचं पातं) ३ ते ५ सेंटिमीटर खोल, जास्त नाही, वरची बारीक मुळं तुटतात आणि खोडाला जखमा होतात. पहिली पाळी गवत बोटभर असतानाच. गुडघ्यापर्यंत आलं की पास त्यात गुंडाळतो. मणी धरल्यानंतर गवत थोडं येऊ दिलं तर उलट चांगलं, वाढ थांबायला मदत होते.

दुसरं, गवताच्या जागी एकाआड एक ओळीत शेंगवर्गीय मिश्रण: व्हेच, क्लोव्हर, चाऱ्याचा वाटाणा, सोबत थोडं ओट आधाराला. व्हेचचं वाळलेलं वजन हेक्टरी ४ टन धरलं आणि त्यात ३ टक्के नत्र, तर १२० किलो. तुमच्या बागेत ५ मीटरमागे दीड मीटर पट्टा पेरला जाईल, म्हणजे ३० टक्के क्षेत्र, ३६ किलो. त्यातला तिसरा हिस्सा त्याच हंगामात सुटला तरी १२ किलो. ते फुलात आलं की रोलरने आडवं करा. शेंगा भरू दिल्या तर नत्र दाण्यात जातो आणि काडं लाकडी होतं. कोरड्या भागात मात्र ते फुटीच्या आधीच आडवं करा, नाहीतर पाणी पिऊन टाकतं.

तिसरं, कंपोस्ट हेक्टरी १० टनांवर न्या. वरच्याच हिशेबाने ७५ किलो एकूण नत्र, पहिल्या वर्षी ११ किलोच्या आसपास. शेंगवर्गीयाचे १२ मिळवले की २३, म्हणजे जाणाऱ्यापेक्षा जास्त. दर वर्षी एवढं लागणार नाही, मागच्या वर्षांचं सुटत राहतं. तीन वर्षांनी पुन्हा तपासून कमी करा.

२ हेक्टरला २० टन तयार माल म्हणजे ३३-३४ घनमीटर. ढीग मुरताना निम्म्यावर येतो, म्हणून सुरुवात ६५ ते ७० घनमीटरने. तळाशी २ मीटर, उंची दीड मीटर, लांबी लागेल तेवढी. शेण, छाटणीच्या काड्यांचा चुरा, वाइनरीतला चोथा, गवत. चोथा एकटा आम्ल असतो आणि बियांमुळे मुरायला वेळ घेतो, ढिगाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. कर्ब-नत्र २५ ते ३० ला १, ओल अशी की मूठ आवळल्यावर एखादा थेंब बोटांत दिसावा पण गळू नये. तापमान ५५ ते ६५. ६५ च्या वर गेलं की पालटा, नत्र अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला कळतं.

सुरुवातीची उष्णता उतरल्यावर कंपोस्ट प्रिपरेशन्स घाला, १० घनमीटरमागे एक संच, तुम्हाला सात लागतील. प्रत्येक संचात यॅरो ५०२, कॅमोमाइल ५०३, नेटल ५०४, ओकची साल ५०५ आणि डँडेलियन ५०६, प्रत्येकी ग्रॅमभर, मातीच्या गोळीत गुंडाळून, अर्धा मीटर खोल वेगवेगळ्या भोकांत, नेटल मध्यभागी. भोकं लगेच बुजवा. व्हॅलेरियन ५०७ थोडंसं कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ढवळून अर्धं भोकात, अर्धं वरून शिंपडा. मग ढीग पेंढ्याने झाका.

नेटलच्या आंबवणीवर नत्रासाठी विसंबू नका. किलोभर ताज्या पाल्यात जेमतेम दहाएक ग्रॅम नत्र असतो, आणि तो शेकडो लिटर पाण्यात पसरतो.

फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ तपासायला पाठवा, पांढऱ्या आणि लाल जातींचे वेगवेगळे नमुने. आणि या वर्षी घड कमी ठेवा. कमजोर वेलीवर पूर्ण पीक लादलं तर काडीत साठा होत नाही, पुढच्या वर्षीची फूटही तशीच निघते.

---

नोंदवही

चौथा मुद्दा राहिला, कॅलेंडरचा.

आधी एक गोंधळ दूर करू, तो फार जणांचा होतो. उतरता चंद्र आणि क्षीण होणारा चंद्र एकच नाहीत. पौर्णिमेनंतर प्रकाश कमी होतो, त्याचं चक्र २९.५ दिवसांचं. उतरता चंद्र म्हणजे आकाशातली त्याची रोजची कमान खाली खाली येते, त्याचं चक्र २७.३ दिवसांचं. ५००, कंपोस्ट पसरणं आणि छाटणी यांसाठी परंपरेत उतरता चंद्र सांगितलाय. पौर्णिमा-अमावास्या बघून हे दिवस काढले तर कधी जुळतात, कधी बरोबर उलटे येतात. शिवाय उत्तर गोलार्धात चंद्र उतरतो तेव्हा दक्षिण गोलार्धात चढत असतो, म्हणून दुसऱ्या गोलार्धातलं छापील कॅलेंडर तसंच वापरू नका.

बायोडायनॅमिक कॅलेंडर तयार करणाऱ्या मारिया थुन यांच्या पद्धतीत मूळ, पान, फूल, फळ असे दिवस चंद्र कोणत्या तारकासमूहासमोर आहे त्यावर ठरतात, आणि हे समूह आकाराने असमान आहेत. कन्येत चंद्र तीन दिवसांहून जास्त राहतो, तुळेत त्याच्या निम्माच. समान ३० अंशांच्या राशी धरणारं पंचांग वापरलं तर दिवस सरकतात.

महत्त्वाचा क्रम असा ठेवा: हवामान, वेलीची अवस्था, मातीची ओल, मग कॅलेंडर. उतरता चंद्र तेरा-चौदा दिवस असतो, त्यात ५०० साठी एक ओलसर संध्याकाळ सहज सापडते. फळदिवस नऊएक दिवसांनी येतात, ५०१ आणि काढणी त्यात बसली तर बसवा. गंधक आणि बोर्डो मात्र कधीही थांबवू नका. 'पानदिवस आहे, उद्या फवारू' म्हणून एक दिवस पुढे ढकलला आणि रात्री पाऊस झाला, की केवड्याचं चक्र सुरू.

आणि एक स्पष्ट बोलतो. १९२४ साली कोबेरविट्झ या गावी बायोडायनॅमिक शेतीचे प्रवर्तक रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर व्याख्यानं दिली तेव्हा द्राक्षबागेचा वेगळा कार्यक्रम त्यांत नव्हता, तो नंतरच्या लोकांनी बसवला. जर्मनीतल्या गाइझेनहाइमला २००६ पासून रिझलिंग या पांढऱ्या द्राक्षजातीवर तुलना चालू आहे. तिथे सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक या दोन्ही बागांत वाढ आणि उत्पादन नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी आलं, द्राक्षाचा दर्जा टिकला. कॅलिफोर्नियातल्या मर्लो या लाल द्राक्षजातीवरचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसती प्रिपरेशन्स दिल्याने मातीत सेंद्रियपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. हे सांगायचं कारण तुम्हाला परावृत्त करणं नाही. या पद्धतीत कंपोस्ट, आच्छादन, जैवविविधतेसाठी राखलेलं दहा टक्के क्षेत्र आणि रोज बागेत फिरणं हे सगळं येतं, आणि त्याचा परिणाम खरा आहे. फक्त तो परिणाम ४ ग्रॅम सिलिकाच्या खात्यात मांडू नका. प्रिपरेशन्सचा आपल्या बागेतला फरक बघायचा असेल तर काही ओळी न फवारता सोडा, मधल्या ओळींतून नमुने घ्या, तीन हंगाम तुलना करा.

---

शेणमाती

नोंदवहींच्या शेवटच्या मुद्द्याशी एका बाबतीत असहमत. न फवारलेल्या ओळी ठेवायच्याच असतील तर प्रमाणनाच्या निरीक्षकाला आधी विचारा. ५०० आणि ५०१ संपूर्ण क्षेत्रावर वर्षातून किमान एकदा देणं डेमेटरला अपेक्षित असतं. रूपांतराच्या वर्षांत त्यावरून कागद अडू शकतो. तुलना हवी तर दुप्पट वेळा दिलेल्या ओळी आणि एकदाच दिलेल्या ओळी अशी ठेवता येते.

---

वेलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. या हंगामाचा क्रम असा लावतोय: फुटीआधी वेलीखालचा पट्टा मोकळा, संध्याकाळी ५००, १० सेंटिमीटरला गंधक सुरू, मणी धरल्यावर सकाळच्या बाजूची पानं, ५०१ एकदाच. शेंगवर्गीय पेरणी काढणीनंतर. ५०१ आणि गंधक यांत किती अंतर ठेवू?

---

पानसावली

निदान चार-पाच दिवस, आणि त्या दिवसांत उन्हाची लाट नसावी. आधी गंधक, मग ५०१. पंप दोन वेळा कोमट पाण्याने धुवा, नोझलची जाळी काढून ब्रश मारा, गंधकाचा पिवळा गाळ तिथेच अडकतो. शेंगवर्गीय पेरणी काढणीनंतर लगेच, माती गरम असतानाच करा. उशीर झाला तर व्हेच थंडीआधी जमीन झाकत नाही आणि ३६ किलोचा हिशेब निम्म्यावर येतो. बियाण्याला रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू) लावायला विसरू नका, त्या जमिनीत ही पिकं आधी घेतली नसतील तर गाठीच धरत नाहीत. पेरणीनंतर दोन महिन्यांनी चार रोपं उपटून गाठ कापून बघा, आत गुलाबी असली तर नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवी असेल तर नाही.